डोलीची वाट

युगांडातल्या बुन्योनी तळ्याच्या काठाने जी पायवाट जाते ती कोणी आखलेली नाही. माणसांच्या, बकऱ्यांच्या आणि अलीकडे सायकलींच्या जाण्यायेण्याने ती पडली. कोमुहांगी एकोणीस वर्षं त्या वाटेवरून पाहुण्यांना हिंडवत होती आणि त्या सोमवारी त्याच वाटेवर तिला कुलूप दिसलं.

चांगलं मांडीएवढ्या जाडीच्या खांबांवर बसवलेलं लोखंडी गेट होतं. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, एकीकडे पाण्यापर्यंत, दुसरीकडे कड्यापर्यंत. गेटवर पाटी होती. संवेदनशील वन्यजीव क्षेत्र. स्थानिकांच्या वर्दळीमुळे पक्ष्यांना त्रास होतो. चालणे, सायकल आणि जलक्रीडा फक्त रिसॉर्टच्या पाहुण्यांसाठी. पाटीखाली असाफ उभा होता. हा कोमुहांगीच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. अंगात नवा गणवेश, आणि पायांतले बूट इतके मोठे की वळताना आधी तो वळायचा आणि मग बूट.

कोमुहांगीबरोबर कंपालाहून आलेलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. दोघं सायकलींवरून उतरून पाटी वाचत होते.

"भावोजी, हे काय आहे?"

"गेट आहे, वहिनी."

"ते दिसतंय मला. कशाला आहे?"

"पक्ष्यांसाठी." असाफने खाली पाहिलं. "म्हणजे असं सांगायला सांगितलंय."

"आणि पक्ष्यांना कोणी सांगितलं, मी त्रास देते म्हणून? त्यांनी तक्रार केली होती का ऑफिसात जाऊन?"

नवरी हसली. असाफलाही हसू येत होतं, पण त्याने ते गिळलं, कारण नोकरीला त्याला अजून आठच दिवस झाले होते.

आता खरं सांगायचं तर त्या तळ्यावर पक्षी दाखवायला माणसांना शिकवलं कोणी? कोमुहांगीनेच. पलीकडच्या दलदलीत तुऱ्याचे करकोचे लव्हाळ्यांवर घरटं करतात, तिथे पन्नास पावलं आधी सायकली आडव्या ठेवायच्या, बोलायचं नाही, लाल कपडे घालायचे नाहीत, हे नियम तिचे. पाणमांजरं कुठल्या दगडावर ऊन खातात हे तिला ठाऊक. खोडातून कोरलेल्या डोणीत मुझुंगू, म्हणजे गोरे, पाहुणे बसले की वल्हं एकाच बाजूला मारून जागच्या जागी गरगर फिरतात, तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंनी वल्हवायला शिकवणारीही तीच. सगळं गाव काठावर येऊन ती गंमत बघायचं. आणि आता एक पाटी तिला सांगत होती की पक्ष्यांना तुझा त्रास होतो.

ती काही बोलणार तेवढ्यात तळ्यावरून मोटरबोटीचा आवाज आला. रिसॉर्टची निळी बोट लव्हाळ्यांना अगदी चाटून वळली. मागे दोरीला धरून एक पाहुणा पायांतल्या फळ्यांवर घसरत होता आणि आनंदाने ओरडत होता. बोटीने उठलेली लाट दलदलीत शिरली. एक करकोचा उठला, मग दुसरा, आणि दोघं डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडू लागले. घरटं पाण्याच्या बरोबरीचं असतं. लाट ओसरली तेव्हा तिथे फक्त हलणारी लव्हाळी होती.

"अंडी होती," कोमुहांगी म्हणाली. "तीन. परवा मोजली होती मी."

असाफने कुलूप उघडलं. "जा वहिनी, लवकर जाऊन या. कोणी बघत नाही."

पण बघणारं कोणीतरी होतं. संध्याकाळी असाफचा गणवेश काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गेटवर बाहेरगावच्या कंपनीचा पहारेकरी आला, खांद्याला बंदूक अडकवून.

कोमुहांगी ऑफिसात गेली. रिसॉर्टचा मॅनेजर बेनॉन त्वेबाझे परका असता तर तिला इतका राग आला नसता. हा इथलाच. नऊ वर्षांचा होईपर्यंत याच काठावर शेळ्यांमागे हिंडला, मग बापाने घर मोडून सगळ्यांना कंपालाला नेलं. आता पस्तिशीचा होऊन परत आला होता, शर्टाच्या खिशावर सोनेरी करकोचा विणलेला.

"बसा ना मावशी. चहा?"

"चहा नको. ती वाट खोल."

"मावशी, ही जमीन आता भाडेपट्ट्याने रिसॉर्टची आहे. कागद बघा हवा तर. आम्ही निसर्गासाठीच करतोय हे सगळं."

"तुमच्या निसर्गाने काल तीन अंडी बुडवली."

"बोटवाल्याला मी समज देईन." तो अगदी मऊ बोलत होता, आजारी माणसाशी बोलावं तसं. "आणि तुम्ही आमच्याकडे या ना गाइड म्हणून. गणवेश देऊ, ओळखपत्र देऊ."

"माझ्या वाटेवर चालायला मला तुझं ओळखपत्र? बरं, माझं राहू दे. डोली कुठून जाणार?"

डोली म्हणजे काय हे बेनॉनला सांगायची गरज नव्हती. त्या डोंगरात गाडी येत नाही. आजारी माणसाला वेताच्या डोलीत, तिथल्या बोलीत एन्गोझीत, घालून सोळा माणसं पाळीपाळीने खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेतात. त्यासाठी प्रत्येक गावात डोली मंडळ असतं आणि प्रत्येक घर त्यात असतं. हाक आली की हातातलं काम टाकून जायचं. डोली कोणाच्या शेतातून, परसातून, उभ्या ज्वारीतूनसुद्धा गेली तरी मंडळातलं घर तिला अडवत नाही. काठाच्या वाटेने डोली चाळीस मिनिटांत डांबरी रस्त्याला लागायची. डोंगरावरून तीन तास. डोण्या अरुंद, त्यांत आजाऱ्याला आडवं झोपवता येत नाही आणि दुपारनंतर वाऱ्याने तळं खवळलं की बसवताही येत नाही.

"त्याची काळजीच नको," बेनॉन म्हणाला. "आमची बोट आहे ना. मला फोन करा, दहा मिनिटांत बोट काठाला लागेल. डोलीपेक्षा चांगलं नाही का? हा माझा नंबर."

त्याने कार्ड दिलं. कोमुहांगीने ते घेतलं, हे तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं. घ्यायला नको होतं. तिथेच फाडून टेबलावर टाकायला हवं होतं.

मंडळाचे म्होरके बितारिहो आजोबा सत्तरीचे. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बोट देतो म्हणाला?"

"दहा मिनिटांत म्हणाला."

"मग बघू," ते म्हणाले. गावाने बघू म्हटलं आणि गाव गप्प बसलं, कारण कागद बेनॉनकडे होता आणि बंदूकही.

महिना उलटला आणि जोवियाचे दिवस भरले. जोविया म्हणजे एझ्राची बायको, पहिलटकरीण. एका दुपारी कळा सुरू झाल्या त्या तासभरात भलत्याच वळणावर गेल्या. सुईण हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कबालेच्या इस्पितळात न्या, आत्ताच्या आत्ता."

कोमुहांगीने बेनॉनला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. माणसांनी जोवियाला डोलीत घालून काठावर आणलं, कारण बोट दहा मिनिटांत येणार होती. चौथ्या वेळी तिने कार्डावरचा रिसॉर्टचा नंबर लावला, तो स्वागतकक्षातल्या मुलीने उचलला. "बोट पाहुण्यांना घेऊन गेली आहे. आल्यावर कळवते हं." तिने कळवलं नाही. समोर तळ्याच्या मधोमध निळी बोट दिसत होती आणि तिच्यामागे कोणीतरी पाण्यावर घसरत होतं. एझ्रा गुडघाभर पाण्यात जाऊन शर्ट हलवत राहिला. बोटीतल्यांनी पण हात हलवला.

चाळीस मिनिटं त्यांनी वाट पाहिली. म्हणजे काठाच्या वाटेने एव्हाना ते रस्त्यावर पोचले असते. बितारिहो आजोबा स्वतः गेटवर गेले. पहारेकरी म्हणाला, चावी ऑफिसात असते, साहेबांना विचारल्याशिवाय मी उघडू शकत नाही, आणि बंदूक खांद्यावरून हातात घेतली. मग डोली वळली आणि डोंगराला लागली.

बाळ माथ्यावर जन्मलं. मुलगा होता. रडला नाही. पुरुषांनी डोली खाली ठेवून तोंडं फिरवली आणि बायका वाकल्या. कोमुहांगीने त्या मुलाला आपल्या अंगावरच्या कापडात गुंडाळलं आणि उरलेली वाट ती डोलीमागून त्याला छातीशी धरून चालली. जोविया वाचली. इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, तासभर आधी का नाही आणलंत?

कोमुहांगीच्या तळपायाची आग त्या दिवशी मस्तकाला गेली ती उतरलीच नाही. बटाट्याच्या वाफ्यात कुदळ मारताना ती स्वतःशी बोलायची. बेनॉनने सांत्वनाला एक टोपली फळं पाठवली होती, वर सोनेरी करकोच्याचं कार्ड. तिने ती टोपली जशीच्या तशी गेटवर नेऊन ठेवली. पाहुणे त्या टोपलीचे फोटो काढत बसले.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, डोंगराच्या खांद्यावरून हाक आली.

लांब, तीनदा, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून मारतात तशी. शेतातल्या माणसांनी माना वर केल्या. कोमुहांगीने आवाज ओळखला आणि तिचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. बेनॉन होता. रिसॉर्टच्या पाहुण्यांना सायकलींवरून डोंगरावर घेऊन गेला होता, आणि उतारावर त्यांच्यातला एक जण आपटून मांडीचं हाड मोडून पडला होता. त्या अंगाला फोन लागत नाही. बोट डोंगर चढत नाही. साहेबांच्या ओठांवर लहानपणी ऐकलेली हाक आली.

"डोली! डोली आणा! रिसॉर्टच्या घरचा माणूस पडलाय!"

हे त्याने काय केलं ते त्याला कळलं नव्हतं. कंपालात वाढला ना. हाक कशी मारतात ते विसरला नव्हता, हाकेचा नियम विसरला होता. मंडळात यायला अर्ज लागत नाही. उंचावर उभं राहून आपल्या घराच्या नावाने हाक मारायची. कोणी आलं नाही, तर घर बाहेर. माणसं आली, तर घर आत, आणि मग मंडळाचे सगळे नियम त्या घराला लागू. मारलेली हाक परत घेता येत नाही.

कोमुहांगीने वाफ्यावर बसकण मारली. "नाही," ती मोठ्याने म्हणाली. "कोणी जायचं नाही. पडू दे त्याला तिथेच. फोन करू दे. दहा मिनिटांत बोट येईल म्हणावं."

आजूबाजूच्या शेतांतून कोणी हललं नाही. सगळे एकाच दिशेला बघत होते, एझ्राच्या शेताकडे.

एझ्राने कुदळ जमिनीत रोवली. हात पँटला पुसले. मग तो बांधावरून उडी मारून मंडळाच्या खोपीकडे धावत गेला आणि भिंतीवरची डोली काढून त्याने खांद्यावर टाकली. त्याच्यामागे दुसरा निघाला, मग पाच, मग सगळे. कोमुहांगीला रडूच कोसळलं. रागाने रडत, शिव्या देत तीही उठली आणि पाण्याची कॅन घेऊन मागे निघाली, कारण डोलीमागे बायकांनी पाणी घेऊन जायचं असतं.

पडलेला माणूस बेल्जियमचा होता, अंगाने चांगला धिप्पाड, चेहरा खडूसारखा पांढरा. त्याला डोलीत घातलं तेव्हा वेत कुरकुरले. पुढचा दांडा एझ्राने घेतला. बेनॉनने त्याला पाहिलं आणि नजर खाली केली.

"काठाच्या वाटेने घ्या," बेनॉन म्हणाला. "मी पुढे जाऊन सांगतो."

गेटवर थांबावंही लागलं नाही. बेनॉनने लांबूनच हात केला आणि बंदूकवाल्याने दोन्ही दारं सताड उघडून सलाम ठोकला. चावी त्याच्या कमरेलाच होती. आज साहेबांना विचारायची गरज नव्हती, कारण साहेब पुढे धावत होते. डोली गेटमधून गेली. नेहमी डोलीवाले गाणं म्हणतात, ओझं विसरायला. त्या दिवशी फक्त पावलांचा आवाज होता.

काठाला लागल्यापासून अडतीस मिनिटांत डोली डांबरी रस्त्यावर आली. जीप उभी होती. पाहुणा कबालेला गेला.

बेनॉनने सगळ्यांकडे पाहून हात जोडले. "तुमचे उपकार झाले. तुम्हा सगळ्यांना आज रिसॉर्टतर्फे जेवण. मांस, बिअर, काय हवं ते."

"उपकार नाहीत," बितारिहो आजोबा म्हणाले. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसून पाय चोळत होते. "तू घराच्या नावाने हाक मारलीस. आम्ही आलो. तुझं घर मंडळात आलं."

"हो, म्हणजे, आनंदच आहे."

"आनंद नंतर कर. मंडळातलं घर डोलीची वाट अडवत नाही. गेट काढ."

"आजोबा, ते माझ्या हातात नाही. मालक कंपालात आहेत. भाडेपट्टा आहे. मी विचारून बघतो, पण वेळ लागेल."

"हाक मारताना विचारलं होतंस का मालकांना?" कोमुहांगी म्हणाली. ती पुढे आली. "आमची पोर डोलीत तडफडत होती तेव्हा चावी ऑफिसात होती. आज ती पहारेकऱ्याच्या कमरेला कशी आली रे? पक्ष्यांना त्रास होतो म्हणे आमचा. आत्ता सोळा जण धावत गेलो आम्ही त्या लव्हाळ्यांवरून. गोऱ्या माणसाला नेताना पक्ष्यांना चालतं वाटतं?"

"मावशी, तसं नाही."

"मग कसं ते सांग. सगळे ऐकताहेत."

बितारिहो आजोबांनी हात वर केला. "गेट नको काढायचं तर नको काढू. घर मंडळातून बाहेर. मग तुमच्या सायकली रोज डोंगरावर जातात, त्यांतला दुसरा पडला, तिसरा पडला, तर कितीही हाका मार, एक माणूस येणार नाही. पण हे ठरवायच्या आधी एक काम राहिलंय. नवं घर मंडळात आलं की त्या वर्षी ज्या घरात मरण झालं, तिथे जाऊन बसायचं असतं. या वर्षी एकच घर आहे."

बेनॉनने एझ्राकडे पाहिलं. एझ्रा डोलीची दोरी गुंडाळत होता.

जोविया अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. सूर्य डोंगराकडे कलला होता. तिने आजोबा, एझ्रा, कोमुहांगी सगळ्यांना चटई टाकली, बेनॉनलाही, आणि रीतीप्रमाणे ज्वारीची आंबील आणून त्याच्या हातात भोपळ्याचा वाडगा दिला. तो वाडगा धरून बसला. पिईना, खालीही ठेवीना. कोमुहांगी त्याच्या शेजारीच बसली होती, तो मध्येच उठून जाऊ नये म्हणून.

"मला फार वाईट वाटतं," बेनॉन म्हणाला. "फळं पाठवली होती मी."

जोविया शेंगा सोलत राहिली. तिचा आवाज बारीक होता. "दादा, एक विचारू? मला झोप लागत नाही म्हणून विचारते. त्या दिवशी फोन तुमच्याजवळच होता ना?"

"हो."

"वाजला होता?"

बेनॉनने वाडग्यात पाहिलं. खोटं बोलायला वाव होता. फोन दुसऱ्या खोलीत होता, बंद होता, बॅटरी संपली होती, काहीही म्हणता आलं असतं, आणि कोणी शोधायला जाणार नव्हतं.

"वाजला होता," तो म्हणाला. "पाहुण्यांबरोबर जेवत होतो. गावाचा नंबर दिसला. वाटलं, पुन्हा गेटबद्दल भांडायला केला असेल."

शेंगा सोलणारे हात थांबले. एझ्रा उठून घराच्या मागे गेला. कोमुहांगीने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर तिने त्या अंगणात, त्या मुलीसमोर, त्याच्या थोबाडीत मारली असती.

"आंबील प्या," जोविया म्हणाली. "घरात आलेला माणूस न पिता जात नाही आमच्यात."

तो प्यायला. मग वाडगा ठेवून तो उठला आणि कोणाशी काही न बोलता काठाकडे चालू लागला. कोमुहांगी त्याच्यामागे गेली. वाटेत तिने असाफच्या अंगणातून पहार उचलली, आणि गेटपाशी पोचल्यावर ती बेनॉनच्या हातात दिली. बंदूकवाला दोघांकडे बघत राहिला.

बेनॉनने आधी दारं बिजागऱ्यांवरून उतरवली. मग खांबाच्या बुडाशी पहार घातली. खांब सिमेंटात रोवलेले होते, आणि त्याच्या हातांना सवय नव्हती. पहिला खांब हलायला लागेपर्यंत त्याच्या तळव्यांना फोड येऊन फुटले, आणि सोनेरी करकोच्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. दलदलीवर ऊन तांबूस झालं होतं. पहिला खांब आडवा झाला तेव्हा तो त्याच्यावरच बसला.

"मावशी, दुसरा उद्या काढतो. शपथ."

कोमुहांगी वाटेवर मांडी घालून बसली.

"आज," ती म्हणाली.